तिसऱ्या क्रमांकावर

शनिवारच्या बेसबॉल सामन्यात, सातव्या इनिंगमध्ये केलेब ऑर्डवे तिसऱ्यांदा बाद झाला आणि स्टेडियमभर हुर्यो उठली, तेव्हा लिओनार्ड प्रोकॉपला त्या गदारोळात एक आवाज अगदी जवळून ऐकू आला. घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा, लांबत जाणारा आवाज. त्यात नुसती नाराजी नव्हती. कुणाचं तरी वाईट व्हावं अशी मनापासूनची इच्छा होती. कोण हा हलकट, म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं. मागच्या रांगेत एक बाई आपल्या मुलीच्या नाकाला उन्हाचं मलम लावत होती. तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. तो पुन्हा पुढं वळला तर शेजारची बर्निस पेन्सिल हवेत धरून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेवरून त्याला कळलं की आपलं तोंड अजून उघडंच आहे.

"कोच," ती म्हणाली, "तूसुद्धा?"

त्यानं तोंड मिटलं. घसा खरवडल्यासारखा झाला होता. खाली मैदानात ऑर्डवे हेल्मेट काढत डगआउटकडे, खेळाडूंच्या बाकांकडे, चालला होता. पाठीवरचा अकरा आकडा घामानं चिकटलेला, चाल अगदी सावकाश, जणू घाईनं गेलं तर लोक पळाला म्हणतील. ऑगस्टचं ऊन होतं, सरोवराकडून येणारा वारा पडलेला, आणि पायाखालच्या सिमेंटवर सांडलेल्या बिअरला आंबट वास सुटला होता. प्रोकॉपनं बाटलीतलं पाणी प्यायलं. पाणी गिळताना त्याला वाटलं, ज्या गळ्यातून हे खाली चाललंय त्याच गळ्यातून ते वर आलं. सत्तर वर्षांत आपण कधी खेळाडूची हुर्यो उडवली नाही, असं तो लोकांना सांगायचा. शाळेच्या संघाचा कोच म्हणून बावीस वर्षं काढली, तेव्हा त्यानं मुलांना पहिल्या दिवशी हाच नियम सांगितला होता: प्रतिस्पर्ध्यालाही नाही, पंचालाही नाही. आणि आता हा आवाज. कुठं होता तो इतके दिवस? गेले तीन महिने तो आतल्या आत तयार होत होता की त्याहून जुना होता?

"पंधरा मेपासून सांगतोय मी," पलीकडून मार्व्ह म्हणाला. मार्व्ह ओडम एकतीस वर्षं शहराच्या बस चालवून निवृत्त झाला होता आणि अजूनही मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असंच बोलायचा. एका कानात रेडिओची खुंटी, दुसरा कान भांडणासाठी मोकळा. "पोराला खाली पाठवा. खालच्या लीगमध्ये बसनं फिरेल, गार सँडविच खाईल, चार फटके बसतील, डोकं ठिकाणावर येईल."

"बसनं फिरून डोकं ठिकाणावर येत असतं तर तुझं नसतं का आलं?" बर्निस म्हणाली. तिचं केस कापण्याचं दुकान होतं, आणि शहरातली निम्मी गुपितं तिच्या कात्रीखालून गेलेली होती. प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू ती वहीत टिपायची. तिनं ऑर्डवेच्या चौकोनात बाद झाल्याची खूण केली आणि समासात आकडा लिहिला. एकतीस. एकतीस वेळा पोरगा बॅट घेऊन उतरला होता आणि एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, नव्हता.

"माझी बस वेळेवर यायची, बाई. हा कधी चेंडूवर वेळेवर आलाय ते सांग."

"अरे पण त्याला तिसऱ्या क्रमांकावर कशाला खेळवायचं? सातव्यावर टाका. तिथं कुणाचं लक्ष नसतं. बावीस वर्षांचं लेकरू ते, आणि हॉलिस त्याला रोज सगळ्यांत उंच जागी उभा करतो. बघा रे बघा, म्हणून."

"हॉलिसला मॅनेजर केला कुणी हाच माझा प्रश्न आहे. दोन लेकरं मांडीवर घेऊन बसलाय. हा एक आणि तो क्विरोस एक. संघ चालवतोय की पाळणाघर?"

मग दोघांनी सवयीनं प्रोकॉपकडे पाहिलं. अकरा वर्षं याच तीन खुर्च्या, तिसऱ्या बेसच्या वरच्या बाजूला, आणि अकरा वर्षं वाद असाच चालायचा: मार्व्ह म्हणणार काढा, बर्निस म्हणणार हलवा, आणि शेवटी कोच म्हणणार, राहू द्या. विश्वास ठेवायचा असतो. पोरगं पडलं की लगेच उचलून राखीव बाकावर नेलं तर ते चालायचं कधी? एकदा बसवलं की कायमचं बसतं. हे वाक्य प्रोकॉपचं स्वतःचं होतं आणि त्याला ते आवडायचं. शहरातल्या रेडिओवर स्लेटरचा कार्यक्रम लागायचा, सकाळी नऊ ते अकरा. त्यात फोन करूनही त्यानं ते या उन्हाळ्यात तीनदा म्हटलं होतं. आज ते जिभेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली.

ऑर्डवे डगआउटच्या कठड्याशी एकटाच उभा होता. आजूबाजूचे खेळाडू त्याच्यापासून दोन हात लांब होते. कुणी ठरवून गेलेलं नव्हतं, पण जागा सुटली होती. त्यानं डावा हात चेहऱ्यासमोर धरला होता. तो हात उलटा करून बघत होता, मग सुलटा, बोटं पसरून, मग मिटून. आपला हात माणूस असा बघत नाही. दुकानात ठेवलेली वस्तू घ्यावी की नाही या विचारात माणूस बघतो तसा तो बघत होता. दुर्बीण खाली घेतली तरी तो हात दिसतच राहिला, फक्त आता तो ऑर्डवेचा नव्हता. तो लहान होता, नखं कुरतडलेली, मनगटाला निळ्या शाईनं काढलेलं घड्याळ. शाळेच्या बसमध्ये, चौथ्या रांगेत, खिडकीशी. ड्वेन लायसेक.

सदतीस वर्षं झाली. ड्वेन सतरा वर्षांचा होता आणि त्या वर्षी एप्रिलपर्यंत त्याच्यासारखी बॅट फिरवणारा मुलगा प्रोकॉपनं पाहिला नव्हता. मग काय झालं कुणास ठाऊक. एका सामन्यात हिट बसला नाही, मग दुसऱ्यात नाही, मग मुलगा चेंडूकडे बघायच्या आधी प्रोकॉपच्या तोंडाकडे बघायला लागला. सव्वीस वेळा. प्रोकॉपनं त्याला तिसऱ्या क्रमांकावरून हलवलं नाही. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, सुतारकामाचा मास्तर, अंगात रग होती, आणि विश्वास ही फार मोठी गोष्ट आहे असं त्याला वाटत होतं. मुलाची आई एकदा शाळेत आली. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करायची ती, हाताची त्वचा पांढरी पडलेली, कोट अंगातच. "कोच, त्याला थोडे दिवस बसवा ना," ती म्हणाली. "जेवत नाही तो. रात्री भिंतीला पाय लावून पडलेला असतो, डोळे उघडे." प्रोकॉपनं तिला खुर्ची दिली आणि ते वाक्य ऐकवलं. एकदा बसवलं की कायमचं बसतं, बाई. ती उठून गेली तेव्हा आपण चांगलं बोललो असं त्याला वाटलं होतं. ते वाटणं त्याला अजून आठवत होतं; त्या दिवशी खोलीत रंधा मारलेल्या पाइनच्या लाकडाचा वास होता, आणि त्या वासासकट ते वाटणं आठवत होतं.

त्या पुढची गोष्ट त्यानं कुणालाच सांगितलेली नव्हती, बायकोलाही नाही. पुढच्या मंगळवारी सामन्याला निघायचं होतं, मुलं बसमध्ये चढत होती. प्रोकॉप सामानाच्या खोलीत बॅटची पिशवी आणायला चालला होता. बोळाच्या टोकाला ती खोली, तिला जड लोखंडी दार. ड्वेन तिथं उभा होता. त्यानं डाव्या हाताची बोटं बिजागरीच्या बाजूला, चौकटीच्या फटीत ठेवली होती, व्यवस्थित, एकेक करून, आणि उजव्या हातानं दाराची मूठ धरली होती. प्रोकॉप वीस पावलांवर होता. ओरडायला वेळ होता. ड्वेन म्हटलं असतं, नुसतं अरे म्हटलं असतं, तरी चाललं असतं. तीन सेकंद तरी होते. आणि त्या तीन सेकंदांत प्रोकॉपच्या मनात जे आलं ते इतकं स्वच्छ होतं की तो नंतर आयुष्यभर त्याला दुसरं नाव देऊ शकला नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. आता मला याला बसवावं लागणार नाही. मी हरलो असं होणार नाही. मग दार आपटलं. शाळेच्या कागदावर त्यानं अपघात असं लिहिलं, मुलानं मान डोलावली, आईनं सही केली.

"कोच, उन्हानं चक्कर येतेय का?" बर्निस विचारत होती. "चेहरा बघ कसा झालाय."

"त्या मुलाला बसवायला पाहिजे," प्रोकॉप म्हणाला.

मार्व्हनं कानातली खुंटी काढली. "पुन्हा बोल. बर्निस, तारीख लिहून ठेव वहीत."

"तो स्वतःला काहीतरी करून घेईल."

"काय करून घेणार? लाखांनी पगार घेतो तो," मार्व्ह म्हणाला. "मी नसतं का घेतलं काही करून? बसमध्ये लोक माझ्यावर थुंकलेत, कोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली."

रविवारी ऑर्डवे आणखी चार वेळा उतरला आणि चारही वेळा रिकामा परतला. प्रोकॉपनं चेंडू पाहिलेच नाहीत. त्यानं दुर्बिणीतून सबंध सामनाभर तो हात पाहिला. हात कठड्यावर. हात ग्लोव्हमध्ये. हात पुन्हा डोळ्यांसमोर, आणि एकदा, आठव्या इनिंगमध्ये, डगआउटच्या मागच्या दाराच्या कडेवर टेकलेला, कुणी आत जाईपर्यंत तसाच. घरी आल्यावर स्वयंपाकघरात तो बायकोच्या, ॲडेलच्या, हाताकडे बघत बसला. ॲडेल बीट चिरत होती. "काय रे?" ती म्हणाली. तो म्हणाला, "काही नाही, जपून." आणि त्याला वाटलं, ड्वेनला एवढंच म्हणायचं होतं मला. जपून. एक शब्द. कुणाला तरी सांगायला हवं, या वेळी वेळेवर सांगायला हवं, आणि सांगायला त्याच्याजवळ रेडिओशिवाय दुसरं दार नव्हतं. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यानं फोन लावला, आणि वीस मिनिटं जाहिराती ऐकत थांबला.

"आपले कोच लाइनवर आहेत," स्लेटरचा चकचकीत आवाज आला. "बोला कोच. आज विश्वासाचा कितवा धडा?"

"त्या मुलाला बसवा," प्रोकॉप म्हणाला.

"काय म्हणता! मंडळी, ऐकलंत? रेडिओ नीट लागलाय ना तुमचा?"

"बसवा त्याला. उद्या नको, आज सांगा हॉलिसला. ऐका माझं, मी एकदा चूक केलीय. बसवा, स्लेटर. बसवा. बसवा."

आवाज चढला होता हे त्याला कळलं. पुढचं सांगायचं होतं, त्या मुलाला झोप नसेल, तो जेवत नसेल, त्याच्याजवळ कुणीतरी बसा. पण त्याच्या ऐवजी कानात गाड्यांच्या टायरांची जाहिरात सुरू झाली होती. ॲडेल दारात उभी होती, हातात रेडिओ. "तुझा आवाज मला ओळखूच आला नाही," ती म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

दुपारपर्यंत स्लेटरच्या माणसांनी त्याचे तेवढेच शब्द कापून घेतले होते आणि मागं ढोल बसवला होता. बसवा, बसवा, बसवा. संध्याकाळी मार्व्हचा फोन आला, आनंदानं धापा टाकत. "कोच, तू गाजलास! माझ्या नातवानं फोनवर ऐकवलं मला. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणत होता, बघा, जो माणूस त्या पोराची बाजू घ्यायचा तोसुद्धा आता म्हणतोय. आता हॉलिसची खैर नाही." प्रोकॉपनं सांगायचा प्रयत्न केला की मला तसं म्हणायचं नव्हतं. "मग कसं म्हणायचं होतं?" मार्व्हनं विचारलं, आणि खरंच उत्तराची वाट पाहिली. मार्व्ह वाईट माणूस नव्हता. पण सांगायचं तर बोळापासून सांगावं लागलं असतं. प्रोकॉप म्हणाला, "जाऊ दे."

मंगळवारचा सामना संध्याकाळी होता. तो गेला नाही. ॲडेलबरोबर मागच्या अंगणात रेडिओ घेऊन बसला, ऊन अजून कुंपणावर होतं. पहिल्याच इनिंगमध्ये निवेदक म्हणाला, आता तिसऱ्या क्रमांकावर ऑर्डवे, आणि त्याच्या शब्दांमागून समुद्रासारखं काहीतरी वर आलं. आधी कळेना. मग त्याला लय आली. तीस हजार माणसं एका तालात ओरडत होती.

"काय ओरडतायत?" ॲडेलनं विचारलं.

"बसवा."

"म्हणजे तुझंच?"

त्यानं रेडिओ बंद केला. पण वाऱ्याची दिशा तशी होती की काय, की शेजारच्या घरातला रेडिओ चालू होता, तो ताल बंद झाला नाही. कुंपणापलीकडून येत राहिला. आपला आवाज आपल्यातून निघून गेला आहे आणि शहरभर तोंडं शोधत फिरतोय असं त्याला वाटलं. शनिवारी तो एका गळ्यात होता. आता तीस हजार गळ्यांत होता, आणि कुठल्याही गळ्यात तो परका वाटत नव्हता. अंगणातल्या खुर्चीच्या दांड्याला त्यानं घट्ट धरलं. ऑर्डवे त्या दिवशीही चार वेळा उतरला. एकोणचाळीस.

बुधवारचा सामना दुपारी एकचा. खेळाडू साडेनऊपासून येतात हे प्रोकॉपला माहीत होतं. तो नऊलाच पूर्वेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. सह्या घेणारे दहाबारा लोक होते, हातात चेंडू आणि कार्डं. क्विरोस आला तेव्हा ते धावले. पिचर आले तेव्हा धावले. दहाच्या सुमाराला ऑर्डवे एकटा पायी येताना दिसला, कागदी पेल्यात कॉफी, डोळ्यांवर टोपी ओढलेली. आणि कुणी हललं नाही. हुर्योही नाही. लोक नुसते गप्प झाले आणि त्यांनी वाट करून दिली, आजारी माणसाला देतात तशी. प्रोकॉप त्याच्या मागं गेला.

"मुला," तो म्हणाला. "जरा थांब."

ऑर्डवे थांबला. जवळून तो फारच लहान दिसत होता. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण होती. "सही पाहिजे का, सर?"

"नाही."

"मग ओरडायचं असेल. ओरडा. दहा मिनिटं आहेत माझ्याकडे." हे तो चिडून म्हणाला नाही, दक्षिणेकडच्या संथ हेलात, जणू खरंच सोय करून देत होता.

"तो रेडिओवरचा माणूस मीच," प्रोकॉप म्हणाला.

ऑर्डवेनं टोपी वर केली आणि त्याला नीट पाहिलं. "तुम्ही होय. माझ्या आईला कुणीतरी पाठवलं ते फोनवर. तिकडं अर्कान्सात. ती म्हणाली, आवाजावरून माणूस वाईट वाटत नाही. कशाला तरी घाबरलाय तो, म्हणाली."

मग प्रोकॉपला थांबताच आलं नाही. फाटकाच्या बाजूला सावलीत उभं राहून त्यानं सदतीस वर्षांत पहिल्यांदा ते सगळं मोठ्यानं सांगितलं. सव्वीस वेळा. आई आली ते. बोळ, दार, बोटं एकेक करून फटीत ठेवली ते. आपण वीस पावलांवर होतो ते. तीन सेकंद. सुटल्यासारखं वाटलं तेही. "तोसुद्धा असाच हात बघायचा," तो म्हणाला. "तू बघतोस तसा. मी दुर्बिणीतून पाहिलंय. म्हणून म्हटलं, बसवा. मला तुला हाकलायचं नव्हतं रे."

"हात?" ऑर्डवे म्हणाला. त्यानं डावा पंजा पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी एक फोड होता, कडेनं लाल झालेला. "हा फोड आहे, सर. बॅटची मूठ बदलली ना, त्यानं आला. ट्रेनर म्हणतो चिघळतोय का बघत जा. म्हणून बघतो."

आणि तो हसला. प्रोकॉपही हसला, इतका की त्याला भिंतीला टेकावं लागलं. फोड! चार दिवस तो एका फोडाला घाबरत होता. सरोवराकडून वारा आला, फाटकापाशी कुणीतरी मका भाजायची गाडी लावत होतं, आणि सगळं जिथल्या तिथं होतं. ऑर्डवेनं कॉफीचा घोट घेतला. मग पेल्यात बघत तो म्हणाला,

"किती दिवस खेळता आलं नाही त्याला?"

"कुणाला?"

"त्या मुलाला."

"तो पुन्हा खेळलाच नाही," प्रोकॉप म्हणाला. "दोन बोटं. मधली दोन."

"आणि कुणी काही बोललं त्याला? नंतर?"

"नाही. बोलणार काय? अपघात म्हणून..."

"त्याच्यावर रागावलं नाही कुणी."

"नाही रे. सगळी शाळा भेटायला गेली. बायका डबे घेऊन जायच्या."

"आणि तो? तो कसा होता?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. रडत होता, म्हणायला हवं होतं; तळमळत होता. पण सदतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर त्याच्याजवळ इतकी वर्षं तयार होतं की ते आपोआप बाहेर आलं. हॉस्पिटलची ती खोली, पांढऱ्या पट्ट्यांचं गाठोडं उशीवर, आणि शेजारी त्या मुलाचा चेहरा. "झोपला होता," प्रोकॉप म्हणाला. "दोन दिवस झोपला. उठला आणि भरपूर जेवला. आई म्हणाली, दोन महिन्यांत असा झोपला नव्हता."

ऑर्डवेच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. खांदे खाली आले. कुणीतरी जड पिशवी हातातून घ्यावी तसं. प्रोकॉपनं ते पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्याला कळलं.

"पण ऐक," तो घाईनं म्हणाला, "ते पुढं चांगलं झालं नाही. पुढं तो..." पण पुढचं त्याला माहीत नव्हतं. लायसेक मंडळी त्याच वर्षी गाव सोडून गेली होती आणि त्यानं कधी चौकशी केली नव्हती. "मुला, तू असं काही... तू हॉलिसशी बोल. आज नको खेळू. मी येतो तुझ्याबरोबर."

"बरं झालं तुम्ही सांगितलंत, सर," ऑर्डवे म्हणाला. त्यानं पेला कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात पुढं केला, आणि प्रोकॉपच्या हातात त्याचा हात क्षणभर आला, उबदार, मोठा, फोडासकट. मग तो आत गेला.

फाटकावरचा पहारेकरी खुर्चीवर बसून नावांची यादी बघत होता. प्रोकॉपनं त्याची बाही धरली. "आत कुणाला तरी सांगा. हॉलिसला सांगा. त्या मुलावर लक्ष ठेवा."

"कुणावर, ऑर्डवेवर?" पहारेकरी म्हणाला. "सगळं शहर लक्ष ठेवून आहे की, आजोबा."

"मला आत जाऊ द्या. दोनच मिनिटं."

"ओहो, तुम्ही ते रेडिओवाले! आवाजावरून ओळखलं." तो प्रेमानं हसला. "तुम्हाला सोडलं तर उद्या सगळेच येतील हॉलिसला शिकवायला. सव्वाअकराला उघडतात फाटकं. तोवर काहीतरी थंड प्या."

प्रोकॉपनं तिकिटांच्या खिडकीवर सांगून पाहिलं. संघाच्या कार्यालयात फोन लावला, तो वाजत राहिला. फाटकं उघडल्यावर तो डगआउटच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत गेला, तिथून त्याला एका मुलीनं हसतमुखानं परत पाठवलं. शेवटी तो आपल्या खुर्चीत येऊन बसला. मार्व्हनं शेंगदाण्याची पिशवी पुढं केली. बर्निसनं वहीत दोन्ही संघांची नावं लिहून ठेवली होती. तिसऱ्या ओळीत ऑर्डवे.

"हॉलिस काही सुधारत नाही," मार्व्ह म्हणाला. "पुन्हा तिसऱ्यावर."

फलकावरही तेच नाव होतं. खालच्या रांगांतून ताल सुरू झाला होता, हळू, अजून गळे तापायचे होते. पाहुण्यांची फलंदाजी संपली. आपला पहिला फलंदाज उतरला, बाद झाला. दुसरा उतरला. तिसऱ्यानं तोवर वाट पाहण्याच्या वर्तुळात यायला हवं होतं. वर्तुळ रिकामं होतं. प्रोकॉपनं दुर्बीण उचलली नाही. मग क्विरोस हेल्मेट घालत धावत बाहेर आला, गोंधळलेला, आणि फलकावरचं तिसरं नाव विझलं.

"अरे, थांब थांब," मार्व्ह म्हणाला आणि त्यानं कानातली खुंटी बोटानं दाबली. त्याचा चेहरा बदलला. "दारात सापडला म्हणे हात. आत, क्लबहाऊसमध्ये. दोन बोटं गेली कामातून. अरेरे. वर्ष संपलं म्हणायचं त्याचं."

ध्वनिक्षेपकावरून तेच सभ्य शब्दांत सांगितलं गेलं. दुर्दैवी अपघात. ताल तुटला. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये सरोवरावरच्या पक्ष्यांचे आवाज ऐकू यायला लागले. मग तिसऱ्या बेसच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी कुणी, आणि बघता बघता सगळं स्टेडियम उभं राहिलं. रिकाम्या डगआउटकडे तोंड करून तीस हजार माणसं टाळ्या वाजवत होती. मागच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस डोळे पुसत होता. मार्व्हनं टोपी काढली होती. "पोरगा चांगला होता रे," तो म्हणत होता, "जरा जास्तच बोललो आपण." ही माया खरी होती. प्रोकॉपला तिच्यात कुठंच खोट सापडेना. आत कुठल्या तरी खोलीत, टेबलावर पडल्या पडल्या, त्या मुलाला ती ऐकू जात असणार.

"ऊठ ना कोच," बर्निसनं त्याचा दंड धरला.

तो उठला. "तो अपघात नव्हता," तो म्हणाला. टाळ्या वाढत होत्या. त्यानं पुन्हा म्हटलं, छातीतला सगळा श्वास लावून. "बर्निस, तो अपघात नव्हता. मी त्याला सांगितलं. दार मी दाखवलं."

बर्निसला त्याचे ओठ दिसले. तिचे डोळे भरले होते. तो काहीतरी चांगलं बोलतोय असं समजून तिनं दोनदा मान डोलावली, त्याच्या दंडावर थोपटलं, आणि मग खाली बसून वहीतल्या तिसऱ्या ओळीत, खोडलेल्या नावाच्या शेजारी, बारीक अक्षरात क्विरोसचं नाव लिहिलं.